बांधाला पाय फुटले

९ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद दिलेच आहेत असं समजा, आणि पत्र फाडायच्या आधी एवढी एक ओळ वाचा: हे पत्र मायेपोटी लिहिलेलं नाही, पैशांसाठी लिहिलेलं आहे. आता निर्धास्त बसून पुढे वाचा.

फोन केला असता, पण आपल्या घरचा नंबर दिसला की तुमचा फोन आपोआप बंद पडतो. चांगल्या कंपनीचा घेतलेला दिसतो. पत्राचं बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही आणि त्याला 'मीटिंगमध्ये आहे' असंही सांगता येत नाही.

तर बातमी अशी, की सरकारला आपला बांध हवाय.

कुठला म्हणून विचारू नका. ज्याच्यापायी तुम्ही आणि तुमचे दादा दहा-बारा वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत, तोच. वाटणी झाली तेव्हा त्या बांधावरून दोन माणसं गप्पा मारत शेजारी शेजारी चालू शकत होती. मग यांनी दर नांगरटीला आपल्या बाजूने टीचभर कोरला, तुम्ही तुमच्या बाजूने टीचभर कोरलात, आणि 'सुरुवात त्याने केली' हे वाक्य दोघांनी वाटणीत निम्मं निम्मं घेतलंत. तुम्ही नोकरीसाठी शहरात गेलात, तरी तुमची जमीन कसणारा ट्रॅक्टरवाला ती परंपरा इमानेइतबारे चालवतोय. आजघडीला त्या बांधावरून मुंगी जायची म्हटली तर तिला हात पसरून तोल सांभाळावा लागेल.

गेल्या आठवड्यात कृषी खात्याच्या एक बाई आल्या होत्या. गुडघ्यापर्यंत बूट, खांद्याला मोजायच्या टेपचं भेंडोळं. लोकांनी दारातच त्यांचं 'टेपवाली बाई' असं नाव ठेवून टाकलं. शाळेच्या सभागृहात सगळ्या जमीनमालकांना बसवून त्या म्हणाल्या, शेतांच्या मध्ये रुंद बांध सोडा. त्यावर गवत, झुडपं, जे उगवेल ते उगवू द्या. माती वाहून जाणार नाही, ओढा गढूळ होणार नाही, पाखरांना घरटी करायला जागा राहील. नांगरायचं नाही, फवारायचं नाही, कापायचं नाही, जाळायचं नाही.

मागून कोणीतरी विचारलं, "मग करायचं काय?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "काही न करण्याबद्दल सरकार तुम्हाला दरवर्षी अनुदान देईल."

सगळं सभागृह एकदम मागे वळलं आणि निवांतकडे बघू लागलं.

निवांत आठवतो ना? ओढ्याला लागून ज्याचं शेत आहे तो. हे नाव त्याला त्याच्या वडिलांनीच वैतागून दिलेलं. हयातीत त्याने नांगराला हात लावला नाही. त्याच्या शेतात गवत कमरेएवढं आणि ससे मांजराएवढे. आजवर पोरांना ओरडताना सगळे त्याचं उदाहरण द्यायचे. त्या दिवशी त्याला मागून पुढे बोलावून पहिल्या रांगेत खुर्ची दिली. तो उठला, शर्ट नीट केला आणि विचारलं, "बाई, मागच्या वीस वर्षांचीही थकबाकी मिळेल का?"

आता मुद्दा. दोन मालकांच्या मधला बांध असेल तर दोघांनी आपापल्या बाजूने जमीन सोडायची, म्हणजे मिळून निदान चार मीटर रुंदी भरेल. अर्जावर दोघांची सही. आणि पाहणीच्या दिवशी दोघं मालक जातीने बांधावर हजर पाहिजेत, एकाच वेळी. मुखत्यार चालत नाही, ट्रॅक्टरवाला चालत नाही, वहिनीही चालत नाही. हे शेवटचं मी उभं राहून विचारून घेतलं.

मला स्वयंपाकघराला नवं छप्पर घालायचंय. तेव्हा सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. दादांनी तुमची आठवण काढली होती.

खरं सांगायचं तर मी पत्र लिहितेय हे पाहून ते म्हणाले, "टपालात टाकायला जातेस तर येताना मीठ आण." पण ते ज्या आवाजात म्हणाले, त्यात मला आठवण ऐकू आली.

छपरापुरतीच तुमची,
वहिनी

—

२ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र म्हणजे काय, एक ओळ. 'त्याने स्वतः विचारलं तर बघीन.' एवढ्या ओळीसाठी तुम्ही पाकीट वापरलंत याचं कौतुक वाटलं.

ती ओळ मी यांना वाचून दाखवली. हे भांडी पुसत होते (हो, पुसतात. तुम्ही गेल्यापासून बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत). म्हणाले, "त्याने स्वतः तयारी दाखवली तर विचारीन."

म्हणजे दाराच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला तुम्ही, दोघंही म्हणताय 'आधी तू दार उघड', आणि मधल्या मध्ये मी बिजागरी. तेल कोण घालणार मला?

वर यांना तत्त्व सुचलं. "नांगर न घालण्याचे पैसे घ्यायचे? उद्या न जेवण्याचे देतील. आपल्या बापाने कष्ट करून खाल्लं." मी म्हटलं, तुमच्या बापाने कष्ट करून जो बांध घातला, तो तुम्ही दोघांनी कष्ट करून खाल्लात, त्याचं काय? तर एकच बशी दोनदा पुसली आणि बाहेर गेले.

दुपारी बघते तर बांधाजवळ उभे. कमरेवर हात. तुमच्या बाजूला एक पाऊल टाकलं, मागे घेतलं. आपल्या बाजूला टाकलं, मागे घेतलं. लांबून वाटावं माणूस नाच शिकतोय.

निवांतचं ऐका. त्याचा अर्ज नामंजूर झाला! कारण अनुदान शेती थांबवण्याबद्दल आहे, आणि त्याने ती कधी सुरूच केली नव्हती. थांबवणार काय? बाईंनी समजावलं, निदान एकदा तरी जमीन कसलेली दिसली पाहिजे. तर आपला निवांत, भाऊजी, काही न करता यावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा शेत नांगरतोय. अर्धं गाव सकाळी त्याच्या कुंपणाशी उभं असतं. पहिल्या दिवशी त्याने नांगर इतका तिरका घातला की शेताला भांग पाडल्यासारखं दिसत होतं. सशांनी आमच्याकडे स्थलांतर केलंय.

तुम्ही सही करायची नाही म्हणता तर नका करू. मी जाऊबाईंनाही वेगळं पत्र टाकलंय. त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला सांगणार नाही. घरात थोडे दिवस जपून वागा.

तुमची बिजागरी,
वहिनी

—

२१ मार्च

भाऊजी,

सही मिळाली. सहीच्या खाली चहाच्या कपाचा गोल उठलाय आणि कागदाला चार घड्या पडल्यात, त्यावरून चर्चा बराच वेळ चालली असावी. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या वयाने लहान आहेत, पण नमस्कारच सांगा.

तुमची सही मी टेबलावर ठेवली. गप्प बसणं मला अवघड जातं हे तुम्हाला ठाऊक आहे. मी शेंगा सोलत बसले. यांनी कागद उचलला. चष्मा लावला. सही काय वाचायची असते का? पण हे बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "अजून तसंच काढतो शेवटचं अक्षर. पतंगाच्या शेपटीसारखं." आणि खाली आपली सही केली. लगेच म्हणाले, "छप्पर गळतंय म्हणून. नाहीतर केली नसती."

"अर्थातच," मी म्हटलं.

मग आपापल्या बाजूने खुंट्या ठोकायचं काम. जिथवर जमीन सोडणार तिथे लाकडी खुंटी, वर लाल रंग. यांनी आपल्या बाजूला दोन मीटर मोजून ठोकल्या, तुमच्या ट्रॅक्टरवाल्याने तुमच्या बाजूला दोन मीटर मोजून ठोकल्या. मिळून चार. कायदा म्हणतो तेवढं, एक बोटही जास्त नाही. मला वाटलं झालं काम.

तर या पंधरवड्यात तुमचे दादा सकाळी फिरायला जायला लागलेत. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. जाताना हातोडा घेऊन जातात. हातोड्याबद्दल डॉक्टर काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक. सोडलेल्या पट्ट्यात टिटवीने अंडी घातलीत. घरटं कसलं, चार खडे गोळा केलेत आणि मध्ये बसलीय, आपल्या मोजणी खात्याच्या कचेरीत बसतात तशी, कोणी जवळ आलं की आरडाओरडा. यांनी मला सांगितलंसुद्धा नाही. पण परवा ट्रॅक्टरवाला तिकडून शॉर्टकट मारायला लागला, तर हे दोन्ही हात पसरून असे आडवे झाले की मला वाटलं त्याने सोनं पळवलं. "लांबून जा! लांबून! डोळे आहेत का बटणं?" टिटवी झोपताना आभाळ पडू नये म्हणून पाय वर करते म्हणतात. आमच्या घरात आभाळ तोलण्याचं काम हल्ली दोघांनी वाटून घेतलंय.

हे सगळं तुम्हाला का लिहितेय? उगाच. कागद उरला होता म्हणून.

वहिनी

—

१२ एप्रिल

भाऊजी,

पाहणीची तारीख आली. २४ एप्रिल, दुपारी. तुमचं पत्रही आलं, या वेळी चक्क सात ओळी. सकाळच्या बसने येणार, बांधावर उभे राहणार, सही करणार, संध्याकाळच्या बसने परत. घरात पाऊल टाकणार नाही. ठीक आहे. घरात या म्हणून मी म्हणणारच नाही. चहा बांधावर पाठवीन. वाटणीच्या कागदात चहाचा उल्लेख कुठे नाही, मी बघितलंय.

परवा तुमचा ट्रॅक्टरवाला मागच्या दाराने आला आणि पायरीवर धप्पकन बसला. चेहरा असा की दोन्ही घरचं जेवण एकाच पोटात गेलंय.

"वहिनी, मला या कामातून सोडवा," म्हणाला.

"का रे, काय झालं?"

"मी शपथ घेतलीय, सांगता येत नाही."

"मग नको सांगू," मी म्हटलं आणि चहा ठेवला. माझ्या चहाने मोठमोठ्या शपथा विरघळल्यात. पण त्याने काय सांगितलं ते मी तुम्हाला लिहिणार नाही, कारण मीही त्याच्यापुढे शपथ घेतलीय. मला काहीच माहीत नाही. तुमच्या बाजूच्या खुंट्यांना पाय फुटलेत आणि त्या आठवड्याला थोडं थोडं तुमच्याच शेतात आत आत चालत चालल्यात, एवढं मला खिडकीतून दिसतं. खुंट्या आहेत. त्यांनाही वाटत असेल जरा घरच्या बाजूला जावं.

हे यांना ठाऊक आहे का? नाही. यांचं लक्ष तिकडे नसतं. यांना स्वतःचीच कामं पुष्कळ आहेत. (कसली ते विचारू नका.)

निवांतचं शेत नांगरून झालं. बाई बघून गेल्या, म्हणाल्या, पात्र ठरलात, आता थांबा. तर म्हणतो, "एक तुकडा राहिलाय, तेवढा सरळ करून घेतो." भाऊजी, त्याला गोडी लागली! काल मका पेरत होता. बायको डोक्याला हात लावून बसलीय. म्हणते, आळशी होता तोवर निदान घरी दिसायचा.

आता एक गोष्ट, जराशी बाजूला. तुम्ही तारीख चुकवाल असं मला वाटत नाही. पण बस चुकते, साहेब सुट्टी देत नाहीत, माणसाचं मन पायऱ्या उतरता उतरता बदलतं. हे आता रोज दाढी करतात. विचारलं तर म्हणतात, उन्हाळा आहे. तुम्ही आला नाहीत तर हे काही बोलणार नाहीत. भांडी पुसतील, फिरायला जातील. मला ते बघायचं नाहीय.

छपराचं काय, खाली बादली ठेवली की भागतं.

हे वाक्य खोडणार होते, पण शाईचं पेन आहे, डाग पडतो.

या.

वहिनी

—

२६ एप्रिल

लाडक्या जाऊबाई,

या वेळी पत्र तुला, कारण भाऊजींना लिहिण्यात अर्थ उरलेला नाही. ते समोर अंगणात बसलेत आणि माझ्याच खुर्चीवर बसलेत. परवा संध्याकाळच्या बसने तुझा नवरा आला नाही, फोनवर 'जरा काम निघालं' एवढंच म्हणाला, आणि तू काळजी करत असशील. काळजी करू नकोस, हातपाय शाबूत आहेत. काम काय निघालं ते सुरुवातीपासून सांगते, कारण हे दोघं सांगतील तेव्हा एक म्हणेल तसं झालं आणि दुसरा म्हणेल तसं झालंच नाही.

भाऊजी सकाळच्या बसने आले. आले आणि सरळ बांधावर आपल्या बाजूला जाऊन उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. हे आपल्या बाजूला. मध्ये गवताचा पट्टा. एक जण आभाळ बघतोय, दुसरा आपली नखं. दोघांची भेट होतेय म्हणजे मारामारी नक्की, या हिशेबाने गाव कुंपणावर येऊन बसलं होतं. निवांत घरून खुर्ची घेऊन आला होता.

टेपवाल्या बाईंनी टेप लावली. वाकून आकडा वाचला. पुन्हा लावली. दुसऱ्या टोकाला जाऊन लावली. मग चष्मा पुसला.

"अहो, हा साडेनऊ मीटर भरतोय," बाई म्हणाल्या.

"चार पाहिजे ना? मग जास्तच आहे की. चांगलंय," मी म्हटलं.

"चार ते सहा, ताई. पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिलंय." (पुढची बाजू मी पाठ केली होती. मागच्या बाजूवर लोणी कढवलेलं पातेलं ठेवलं होतं.) "सहाच्या वर गेला की तो बांध राहत नाही, ती पडीक जमीन होते. पडीक जमिनीची योजना निराळी, तिचं ऑफिस निराळं, आणि तिचे अर्ज बंद झाले. हे मंजूर करता येणार नाही मला. खुंट्या सरकवल्या कोणी?"

आता कुठे या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तू सरकवल्यास?" हे म्हणाले.

"मी? तू सरकवल्यास!" भाऊजी म्हणाले.

"माझ्या शेतात मी काहीही करीन!"

"मग माझ्या शेतात मीही काहीही करीन!"

कुंपणावरचे लोक पुढे सरकून बसले. ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टरखाली काहीतरी दुरुस्त करायला शिरला, ट्रॅक्टर बिघडलेला नसताना. जाऊबाई, त्या बिचाऱ्याला दोघांचंही ठाऊक होतं. हे पहाटे उठून आपल्या खुंट्या आपल्याच शेतात आत घ्यायचे, म्हणजे धाकट्याला कमी जमीन सोडावी लागेल. तुझा नवरा शहरातून फोन करून त्याला सांगायचा, 'आणखी थोडी आत घे, दादाला कळू देऊ नको,' म्हणजे थोरल्याला कमी सोडावी लागेल. दोघांनीही हिशेब केला, फक्त दुसराही तोच हिशेब करतोय हे धरलं नाही. हातचा विसरले, आणि तो हातचा साडेपाच मीटर निघाला.

"घे तुझी जमीन परत!" हे ओरडले.

"मला नको. तू घे!"

"मी दिलेलं परत घेत नाही."

"मग मी काय घेतो? मी काय भिकारी आहे?"

"तुझं शहरात भाड्याचं घर, तुला लागेल जमीन!"

"तुझं छप्पर गळतंय, तुला लागेल!"

"मोठा कोण? मी म्हणतो घे!"

"मोठा आहेस म्हणूनच म्हणतो, तू घे!"

निवांत खुर्चीवरून उठला. "एवढंच असेल तर मला द्या. मी घेतो."

"तू गप बस!" दोघं एकदम, एका सुरात. जाऊबाई, त्या एका ओरडण्यासाठी मी या घरात दहा-बारा वर्षं पाणी भरलं असं समज.

एकमत झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि दोघंही लाजले. मग हे बाईंना म्हणाले, "तुमची टेपच चुकीची आहे."

"हो," तुझा नवरा म्हणाला, "मलाही पहिल्यापासून संशय होता."

बाई शहाण्या. चिडल्या नाहीत. टेपचं एक टोक यांच्या हातात दिलं, दुसरं भाऊजींच्या. "मग तुम्हीच मोजा."

पुढचं मी खोटं सांगत नाही, सगळं गाव साक्षीला आहे. आकडा सहावर यावा म्हणून हे हळूच एक पाऊल पट्ट्याच्या मध्याकडे सरकले. त्याच कारणासाठी तिकडून भाऊजी एक पाऊल मध्याकडे सरकले. दोघांची नजर टेपवर. समोरचाही सरकतोय हे कोणी बघेना. आणखी एक पाऊल. आणखी एक. मध्ये टेपला झोळ पडायला लागला. ती टिटवी दोघांच्या डोक्यांवरून ओरडत फिरत होती, दोघांनीही न सांगता घरट्याला वळसा घातला, आणि वळसा घालून सरळ झाले तेव्हा मध्ये एक हात अंतर होतं. टेप दोघांच्या पायाशी जमिनीवर पडलेली.

यांनी वर पाहिलं. म्हणाले, "वजन वाढलंय तुझं."

भाऊजी म्हणाले, "तुझं उतरलंय."

 मला वाटतं कुंपणावरच्या लोकांना घरी जायला लाज वाटत होती आणि थांबायलाही. माझ्या डोळ्यांत गवताची कुसळं गेली. एप्रिलात फार उडतात.

"आता एक मीटरही भरत नाही," बाई म्हणाल्या, पण हळू आवाजात. मग वही मिटली. "मी उद्या सकाळी पुन्हा येते. जास्तीचे साडेतीन मीटर पट्ट्यातून काढून कोणाच्या तरी लागवडीखाली दाखवा. कोणाच्या, ते मी विचारणार नाही. पण कोणाच्या तरी."

म्हणजे संध्याकाळची बस गेलीच. घरात पाऊल टाकणार नाही म्हणणारा तुझा नवरा दारापर्यंत आला आणि थबकला. हे आतून म्हणाले, "पाय पुसून ये, पायपुसणं तिथेच आहे." झालं, आला. काही मोठ्या गोष्टी अशाच पायपुसण्यावरून होतात.

जेवताना पुन्हा सुरू. जमीन तू घे, नाही तू घे. ताटातला घास हातात वाळला. हे म्हणतात, मी दिली ती धाकट्याला. भाऊजी म्हणतात, मी दिली ती दादाला. वाटणीच्या वेळी सुईच्या टोकावर मावेल एवढी माती कोणी सोडली नव्हती, आणि आता वाढायला बसल्यासारखा आग्रह. शेवटी मी डाव आपटला.

"ऐका," मी म्हटलं. "दोघंही खरे. यांनी सोडली ती धाकट्या घरची, भाऊजींनी सोडली ती थोरल्या घरची. पण पुरुषांच्या हातात जमीन गेली की काय होतं ते आम्ही पाहिलंय. तेव्हा यांच्या बाजूचा जास्तीचा तुकडा जाऊबाईंचा. भाऊजींच्या बाजूचा माझा. आम्ही लागवड करू. कोणाला हरकत आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.  तुझा नवरा म्हणाला, "हिला कांदा आणि लसूण ओळखू येतो, तेवढंच. लागवड काय करणार?" मी म्हटलं, निवांतला जमलं, तिला न जमायला काय झालं?

काल सकाळी बाई आल्या, मोजलं, बरोबर सहा भरलं. दोघांनी सह्या केल्या. दोघांची शेवटची अक्षरं सारखीच निघतात हे मला पहिल्यांदाच दिसलं. बाईंनी तर विचारलं, एकानेच दोन्ही केल्या का म्हणून.

म्हणजे तू आता जमीनदारीण झालीस, अभिनंदन. पण गोम अशी आहे. तुझा तुकडा आहे आमच्या बाजूला, आणि तिथे जायला वाट एकच, माझ्या स्वयंपाकघराच्या दारावरून. मी चहा पाजल्याशिवाय कोणाला पुढे सोडत नाही. माझा तुकडा तुमच्या बाजूला, तिथे तुम्ही शहरात गेल्यापासून तुमचं रिकामं घर कुलूप लावून उभं आहे. मला उन्हातान्हात टेकायला सावली लागेल, प्यायला पाणी लागेल, तेव्हा ते घर कोणीतरी उघडून झाडून ठेवायला हवं. कोणी ते मी सांगत नाही. तुला तिथला झाडू कुठे असतो माहीत आहे.

काय लावायचं ते ये आणि ठरव. फोनवर ठरवायला जाऊ नकोस, इथे कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. इतकी वर्षं साठलेलं बोलणं दोघं एकदम उपसतायत. आत्ताही अंगणात एकाच वेळी बोलतायत, एक ट्रॅक्टरबद्दल आणि दुसरा दातदुखीबद्दल, आणि दोघंही माना डोलावतायत.

भाऊजी काल दुपारच्या बसने निघायचं म्हणत होते. पण यांनी त्यांचे बूट चिखल झाला म्हणून धुवायला काढले. आजवर यांनी स्वतःचे बूट धुतलेले नाहीत. कोरड्या उन्हाळ्यात चिखल कुठला, हे भाऊजींनी विचारलं नाही, अनवाणीच गेले बांधावर. यांना वाटतंय ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली. बूट आज सकाळी खडखडीत वाळले होते. मी आताच ते पुन्हा पाण्यात बुडवून आले.

तेव्हा सावकाश आवर, पण परवाच्या बसने ये.

तुझी शेजारीण,
मोठी